जखमेचा दाखला

हैदराबाद संस्थानातला निजामाविरुद्धचा १९४७-४८चा लढा नांदेड-लातूरच्या खेड्यांत अजून, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांवरून, 'रझाकारी' याच नावानं ओळखला जातो. त्या वर्षभरात लढताना ज्यांचा हात गेला, पाय गेला, डोळा गेला आणि तरी जे जगले, त्यांच्याविषयीची ही टिपणं आहेत. मेलेल्यांची नावं दगडावर कोरली गेली. जगलेल्यांना पेन्शनसाठी अर्ज भरावा लागला. तो अर्ज सिद्ध करायला जे जे लागायचं ते एकेक करून नाहीसं होत आहे. त्यातलं काही इथं मांडून ठेवतो.

तारीख

म्हातारी माणसं तारीख सांगत नसत. ज्वारी खळ्यावर होती, पोळा झाला नव्हता, उमरीची बँक लुटली त्याच्या मागल्या महिन्यात, असं सांगत. अर्जाला मात्र इंग्रजी तारीख लागे. संस्थानाच्या कागदावर तिसरीच असे: फसली. १३५७ फसली सन ६ ऑक्टोबर १९४७ला सुरू झालं. महिने आजूर, दय, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे. ज्या १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतो तो त्या पंचांगात आबान महिन्यात येतो. आजूर म्हणजे कोणता महिना हे चटकन सांगणारी माणसं पूर्वी प्रत्येक कचेरीत असत. पोळ्यावरून आबानावर आणि आबानावरून सप्टेंबरवर येताना एक महिना इकडचा तिकडे झाला, की रजिस्टरातला माणूस आणि अर्जातला माणूस दोन वेगळे ठरतात.

उमरीची खूण मात्र पक्की आहे. ३० जानेवारी १९४८. उमरी स्टेशनच्या गावातली हैदराबाद स्टेट बँक स्वातंत्र्यसैनिकांनी फोडली, वीस लाखांहून जास्त रक्कम पैनगंगेपलीकडं उमरखेडच्या त्यांच्या कॅम्पाकडं गेली, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. म्हणून उमरीच्या आगेमागे जखमी झालेल्यांची तारीख त्यातल्या त्यात नीट सापडते. बाकीच्यांना असा खांब मिळाला नाही.

दप्तर

निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यक्रमात करोडगिरीची म्हणजे जकातीची नाकी जाळणं होतं, शिंदीची झाडं तोडणं होतं, आणि गावचं दप्तर पेटवणंही होतं. पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले, चावडीतले कागद चौकात आणून जाळले. निजामाचा वसूल थांबवायचा तर वसुलाचा कागदच उरू द्यायचा नाही, हा हिशेब सरळ होता आणि तो बरोबरही होता. त्या आगीत जन्ममृत्यूच्या नोंदी गेल्या, कुणाच्या नावावर किती जमीन आणि ती कधी जप्त झाली हेही गेलं. पंचवीस वर्षांनी त्याच गावातल्या त्याच माणसाला तहसीलनं विचारलं, त्या वेळचा सरकारी पुरावा काय आहे?

यासाठी एक कागद निघाला: अभिलेख उपलब्ध नसल्याचा दाखला. नाहीसं झालं आहे, असं सरकारनंच लिहून द्यायचं. हा दाखला मिळवायला जे हेलपाटे पडले त्यांची गणती कुठंच नाही. एका पायाच्या माणसानं एसटीच्या पायऱ्या चढून नांदेडला जायचं, बाबूसाहेब रजेवर आहेत हे ऐकून परत यायचं. नंतरच्या पिढीला पेन्शन दिसते. तिच्या आधीची ही वर्षं दिसत नाहीत.

जिल्हा

उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९४८ साली बिदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली आणि ते उस्मानाबादेत आले. १६ ऑगस्ट १९८२ला लातूर जिल्हा झाला आणि ते लातूरचे झाले. बिदर म्हैसूर राज्याकडं गेलं, मराठवाडा मुंबई राज्याकडं आला. हैदराबादचं सचिवालयी दप्तर हैदराबादेतच राहिलं आणि आंध्रच्या वाट्याला आलं.

नांदेडचंही तेच. मुधोळ नांदेडमधून निघून आदिलाबादला गेलं, किनवट आदिलाबादहून नांदेडला आलं.

आता समजा, उदगीरकडचा एक तरुण देवर्जनजवळच्या हत्तीबेटावर जमणाऱ्या टोळीत होता. त्याला भालकीकडच्या शिवारात गोळी लागली. फिर्याद बिदरच्या पोलिसांत, उर्दूतून. उपचार सोलापूरला, म्हणजे त्या वेळच्या मुंबई इलाख्यात, तिथली नोंद इंग्रजीतून. माणूस राहतो महाराष्ट्रात, अर्ज करतो मराठीतून. एका मोडक्या पायाची कहाणी तीन भाषांत आणि दोन राज्यांच्या कपाटांत वाटली गेली. ती एकत्र आणण्याचं काम ज्याचा पाय गेला त्यालाच करावं लागलं.

उर्दू वाचणारे

पोलीस ठाण्याचा रोजनामचा, पंचनामा, फैसला, तुरुंगाचा दाखला: सगळं उर्दूत, बरंचसं शिकस्ता वळणात, घाईत लिहिलेलं. उस्मानिया विद्यापीठानं १९१८ पासून उच्च शिक्षण उर्दूतून दिलं, त्यामुळं एका पिढीतल्या मराठी, तेलुगू, कन्नड वकिलांना ही लिपी पाठ होती. नांदेड-लातूरच्या बाररूममध्ये असे वकील ऐंशी-नव्वदच्या दशकापर्यंत भेटत. निजामाविरुद्ध लढलेला माणूस आपला निजामी कागद वाचून घ्यायला त्यांच्याकडं जाई. त्यांतले हिंदू वकील गेले, मुसलमान वकील गेले. नातवंडांना छापील उर्दू वाचता येते, तो हातचा फराटा येत नाही. काही घरांत आजोबांचा शिक्षेचा कागद चौकट करून भिंतीवर लावला आहे, आणि त्यावर काय लिहिलं आहे हे घरातल्या कुणालाच माहीत नाही. त्यातला एखादा कागद शिक्षेचा नसून जामिनाचा किंवा जमिनीचाही असू शकेल.

टोपणनावं

भूमिगत माणसाला दोन नावं असत. कॅम्पावर एक, घरी दुसरं. हे शहाणपणाचं होतं. एक जण पकडला गेला, तर बाकीच्यांची खरी नावं त्याच्या तोंडून निघू नयेत. उमरखेड, पुसद, वाशीम, मनमाड, बार्शी, सोलापूर, चांदा अशा सरहद्दीपलीकडच्या ठिकाणी कॅम्प होते. तिथली वही ठेवणाऱ्यालाही पुष्कळदा टोपणनावापलीकडं काही ठाऊक नसे. जखमी झालेला माणूस घरी आला तो घरच्या नावानं. वहीतलं नाव मागंच राहिलं. दोन्ही नावं एकाच देहाची आहेत हे सांगणारे सोबती गेले, की वही सापडूनही उपयोग होत नाही.

बाज

घरातली बाज उलटी करायची, पायांना दोर बांधायचे, वर घोंगडी टाकायची, चौघांनी खांद्यावर घ्यायची. जखमी माणूस असाच हलवला जाई. रात्री चालायचं, कारण दिवसा सडकेवर रझाकारांची लॉरी असे. हदगावकडून निघालं तर पैनगंगा ओलांडायची. नदीच्या अलीकडं निजाम, पलीकडं हिंदुस्थान. उन्हाळ्यात पात्रातून चालत जाता येई. आषाढ-श्रावणात पूर असला की माणूस या काठावर तापात पडून राही, आणि जखम वाट बघत नसे. वेळेत पलीकडं गेला असता तर पंजा गेला असता, दोन दिवस थांबावं लागलं म्हणून गुडघ्यावरून पाय काढावा लागला, असे हिशेब त्या नदीनं केले आहेत.

बाज उचलणारे चौघे कोण होते? त्यांतले पुष्कळ जण सैनिक नव्हते. गावचे गडी होते, महारवाड्यातले, मांगवाड्यातले, नावाडी, धनगर. त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. या सगळ्या टिपणांत मला सगळ्यांत जास्त हळहळ वाटते ती त्यांच्या नावांची. जखमीचं नाव निदान अर्जात आहे.

भरमार

शस्त्रं दोन्ही बाजूंना सारखी नव्हती. निजामाच्या पोलिसांकडं रायफली, रझाकारांकडं बंदुका आणि तलवारी, गावकऱ्यांकडं भरमार बंदूक, भाले, कुऱ्हाडी, गोफणी. गढीच्या बुरुजावरून गोफणीचे दगड मारून गावं लढली. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीत आप्पासाहेब नाईक आणि त्यांच्याबरोबरची माणसं गढीत लढून पडली. कल्हाळीचं नाव घेताना पडलेल्यांचं नाव घेतलं जातं, आणि ते घ्यायलाच हवं. पण जिथं इतकी माणसं मरतात तिथून काही माणसं तुटूनही बाहेर पडतात.

भरमारीची दारू हातानं ठासायची. जास्त झाली तर नळी फुटते, आणि ती डाव्या हाताजवळ फुटते. हातबॉम्ब बनवताना, वाळवताना, पोत्यातून नेतानाही अपघात होत. ज्यांची बोटं अशी गेली त्यांची पंचाईत मोठी. जखम लढ्यातली, पण शत्रूनं केलेली नाही. १९८०च्या केंद्र सरकारच्या सन्मान पेन्शन योजनेत कायमच्या अपंगत्वाचं कलम आहे. ते गोळीबारात किंवा लाठीमारात अपंग झालेल्याला लागू होतं. स्वतःची बंदूक फुटून हात गेलेला माणूस त्या वाक्यात कुठं बसवायचा? कुणी गोळीच लागली असं लिहिलं असेल, तर मी त्याला खोटारडा म्हणणार नाही.

डॉक्टरचा कागद

संस्थानी दवाखान्यात गोळीची जखम दाखवणं म्हणजे पोलिसांना आपण होऊन पत्ता देणं. त्यामुळं जखमी तिथं जात नसत. नदीपलीकडच्या गावात जो डॉक्टर भेटे तो रात्री, कंदिलाच्या उजेडात, नाव न विचारता काम करी. नोंद ठेवली तर रोग्यालाही धोका, डॉक्टरलाही. इतक्या जपून केलेल्या उपचाराचा कागद मागं राहणं शक्यच नव्हतं.

फौजेतल्या जवानाचं तसं नसतं. त्याला नंबर असतो, पलटण असते, मेडिकल बोर्ड असतं, आणि पाय गेला तर पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र असतं. ते १९४४ साली दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी सुरू झालं. सप्टेंबर १९४८मध्ये सोलापूरकडून नळदुर्गमार्गे शिरलेल्या भारतीय फौजेतला एखादा जवान जखमी झाला असेल, तर त्याची फाइल आजही कुठंतरी असणार. त्याच वाटेवर त्याच्या आधी वर्षभर लढलेल्या कॅम्पातल्या पोराची नाही.

कुबडी

बाभळीची किंवा सागाची. गावच्या सुतारानं केलेली, वर चिंध्या गुंडाळलेल्या, खाली जुन्या टायरचा तुकडा ठोकलेला. काळ्या रानात पावसाळ्यात तिचा काही उपयोग नसे. ती रुतून बसे. म्हणून पाय गेलेला कुणबी पावसाळ्याचे चार महिने घरात अडकून पडे, आणि पेरणीचे दिवस नेमके तेच. शेत बटईनं लावायचं, बायकोनं दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जायचं. एका अवयवानं घरादाराची गत कशी बदलते ते या चार महिन्यांत कळतं. जयपूर फूट १९६८ साली तयार झाला. अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, चिखलात काम करणाऱ्या माणसाला चालेल असा पाय डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवला. तोवर वीस वर्षं उलटली होती. अशा कुबड्या कुणी जपून ठेवल्या नाहीत. माणूस गेला की कुबडी चुलीत जाते, किंवा गोठ्यात आडकाठी होते.

अंगठा

पुरुषाचा डाव्या हाताचा, बाईचा उजव्या. कोर्ट-कचेरीत अंगठ्याच्या ठशाची ही रीत आहे. ज्याचा डावा हात गेला आहे त्यानं काय करायचं, हे छापील अर्जावर लिहिलेलं नसतं. उजव्याचा घेतात, बाजूला कारण लिहितात, दोन पंच सही करतात. खरं तर अर्जाच्या पानावर तेवढी एकच ओळ जखमेची साक्ष देते: 'डावा हात नसल्याने'. बाकी सगळं सांगीव असतं. एवढ्या ओळीसाठी जुन्या फाइली उघडून बघाव्यात असं मला वाटतं. रझाकारीतल्या जखमींची गणती पुढंमागं कुणी केली, तर ती पंचांच्या सह्यांशेजारच्या अशा ओळींपासून सुरू करता येईल.

नोकरीवर, कारखान्यात अंगठा गेला तर त्याचं माप कायद्यात ठरलेलं आहे. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्याला ३० टक्के धरत. देशासाठी गेलेल्या अंगठ्याला असं माप नव्हतं. सगळं किंवा काहीच नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, १८६५ साली, न्यूयॉर्कच्या विल्यम ओलंड बोर्न या संपादकानं उजवा हात गमावलेल्या सैनिकांसाठी डाव्या हातानं लिहिण्याची स्पर्धा ठेवली होती. बक्षिसं होती आणि अक्षर नीट असावं ही अट होती. शेकडो जणांनी कुठं लढलो, कुठं जखमी झालो, हात कुठं कापला हे डाव्या हातानं लिहून पाठवलं. ते कागद अजून आहेत. नोकरी मिळावी म्हणून चांगलं अक्षर दाखवायचं होतं, पण त्या निमित्तानं प्रत्येकाची हकिगत त्याच्या स्वतःच्या हातची राहिली. आपल्याकडच्या जखमींतले बरेच जण निरक्षर होते. जे लिहू शकत होते त्यांना कुणी लिहा म्हटलं नाही. त्यांनी लिहिला तो अर्ज, तोही अर्जनविसानं ठरीव वाक्यांत.

साक्षीदार

कागद नसेल तर माणूस चालेल, असं नियमानं मान्य केलं. ठरावीक वर्षं कैद भोगलेल्या किंवा फरारी म्हणून जाहीर झालेल्या दोघा जुन्या सैनिकांनी लिहून द्यायचं, की हा आमच्याबरोबर होता. जिल्हा गौरव समिती ते तपासायची. त्यामुळं साक्ष देण्याचा अधिकार थोड्या माणसांच्या हाती एकवटला. पुढारी, वकील, शिक्षक, ज्यांना अटक होऊन रीतसर शिक्षा झाली ते. रानात जखमी झालेला गडी अशा मोठ्या माणसाला भेटलेलाच नसे. त्याला ओळखणारे होते त्याच्यासारखेच, आणि त्यांची साक्ष नियमात बसत नव्हती.

जखम हा पुरावा का नाही, हा प्रश्न मला सतत छळत आला आहे. मांडीत घुसून दुसरीकडून निघालेल्या गोळीच्या दोन खुणा खोट्या करता येत नाहीत. पण खूण सांगते की गोळी लागली. ती कुणाची, कुठं आणि कशासाठी, ते सांगत नाही. दरोडेखोरालाही गोळी लागते. कचेरीची अडचण खरी होती, हे मान्य करायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली गुरदयाल सिंग यांच्या खटल्यात सांगितलं की, या पेन्शनसाठी फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा मागू नये, घटना घडली असण्याची शक्यता पाहून संशयाचा फायदा अर्जदाराला द्यावा. तोवर लढा संपून त्रेपन्न वर्षं झाली होती.

खोटे दाखले

हेही याच यादीत लिहायला हवं, कारण खऱ्या जखमींना सर्वांत जास्त यानंच मारलं. शेजारच्या बीड जिल्ह्यात बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण इतकं वाढलं की न्यायमूर्ती पालकर यांचा आयोग बसला, आणि २००५ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. लढ्याच्या वेळी पाळण्यात असलेल्यांची नावं सैनिक म्हणून लागली होती. त्यानंतर प्रत्येक अर्जाकडं संशयानं बघितलं जाऊ लागलं, आणि तो संशय नांदेड-लातूरच्या खऱ्या माणसांच्या दारातही आला. ज्यांनी खोटे दाखले दिले त्यांनी सरकारचे पैसे नेले, हे त्यातलं लहान पाप आहे. त्यांनी साक्षीची किंमत घालवली. ऐंशी वर्षांच्या खऱ्या सैनिकाला धोतर वर करून तोडलेला पाय साहेबापुढं दाखवावा लागला, याला ते जबाबदार आहेत.

ताम्रपट

१९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, वाटले गेले. तांब्याचा पत्रा, वर अशोकस्तंभ. काही घरांत अजून देवघरात आहेत, काहींत माळ्यावर हिरवे पडले. पेन्शन त्याच वर्षी सुरू झाली, सुरुवातीला महिना दोनशे रुपये, १९८० पासून तीनशे.

पेटी

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चार वाजायला आले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबादमधली दगडमातीची माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं मूळ जागेवरून उठून दुसरीकडं वसली. अशा प्रत्येक घरात एक लोखंडी पेटी असे. तीत जमिनीचे कागद, जन्मटिपणं, आणि कुठं कुठं रझाकारीतले दाखले. ढिगाऱ्यातून आधी माणसं काढायची होती, आणि ती काढताना कागद चिखलात गेले. त्या आठवड्यात तंबूंच्या इस्पितळांत नव्यानं हातपाय कापले गेले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पाय गमावलेल्या आजोबाशेजारी आता पाय गमावलेला नातू, हेही काही घरांत घडलं असणार. पुनर्वसनाच्या नव्या गावात सिमेंटचं घर मिळालं. पेटी मिळाली नाही.

कोश

गॅझेटियर विभागानं मराठवाड्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांचा चरित्रकोश काढला आहे. एकेका माणसाला चार-पाच ओळी. जन्मगाव, शिक्षण, कोणत्या सत्याग्रहात भाग, किती महिने कैद. तो चाळताना तुरुंगवासाचे महिने भराभर सापडतात. हात किंवा पाय गेल्याचा उल्लेख शोधावा लागतो. महिने मोजता येतात, म्हणून त्यांना रकाना मिळाला.

थोरामोठ्यांचं लिहिलं गेलं. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी आठवणी लिहिल्या, अनंत भालेरावांनी लढ्याचा इतिहास लिहिला. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरजवळ २९ ऑक्टोबर १९४६ला गोविंदराव पानसरे मारले गेले, आज त्यांच्या नावानं तिथं शिक्षणसंस्था आहे. वसमतचं महाविद्यालय हुतात्मा बहिर्जी शिंदे यांच्या नावाचं आहे. नांदेडला विसावा उद्यानात दर १७ सप्टेंबरला ध्वजारोहण होतं, हुतात्म्यांना सलामी दिली जाते. समारंभात पूर्वी पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवलेल्या असत आणि त्यांवर म्हातारे सैनिक बसत. सलामीच्या वेळी काहींना उठता येत नसे. आता त्या रांगेत बहुतेक वारस बसतात.

न भरलेला अर्ज

कासीम रझवी लातूरला वकिली करत होता. रझाकारांचा तो म्होरक्या झाला, आणि त्यानं भडकावलेल्या आगीची सगळ्यांत मोठी किंमत पुढं त्याच्या गावच्या मुसलमानांनी मोजली. सप्टेंबर १९४८च्या त्या फौजी कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती केंद्र सरकारनं पाठवली. तिचा अहवाल कित्येक दशकं बंद राहिला, २०१३च्या सुमाराला लोकांना पाहता आला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक पोळलेले चार जिल्हे, असं त्यात आहे. ॲक्शनच्या काळात आणि नंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा समितीचा अंदाज. लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला सापडले. त्यांत कच्छी व्यापारीही होते. पोळलेल्यांतल्या अनेकांचा रझाकारांशी संबंध नव्हता.

जिथं तलवारी आणि कुऱ्हाडी इतके दिवस चालल्या, तिथं हात तुटलेली माणसंही तितकीच असणार. त्यांच्यासाठी अर्जाचा नमुनाच नव्हता. गौरव समिती नव्हती, ताम्रपट नव्हता, दाखला देणारा सोबती नव्हता. सांगितलं तर बाप रझाकार होता का, हा पहिला प्रश्न. म्हणून त्यांनी यंत्रात हात गेला, टांगा उलटला असं सांगितलं. पुढच्या पिढीनं तेच खरं धरलं. या माणसांना सोडून रझाकारीतल्या जखमींचा इतिहास लिहिता येईल असं मला वाटत नाही. लढलेल्या सैनिकाच्या मानाला यानं काही उणेपणा येत नाही.

हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८मध्ये रझाकारांनी मारलं. संस्थानानं हिंदुस्थानात सामील व्हावं असं त्यांनी लिहिलं होतं. मारेकऱ्यांनी लिहिणारा हात तोडला. वाचवायला धावलेले त्यांचे मेहुणे इस्माईल खान यांचाही हात तोडला. इस्माईल खान जगले. शोएबुल्लांचं नाव अनेकांना माहीत आहे. हात गमावून जगलेल्या मेहुण्याचं नाव फार थोडे घेतात.

काय लिहून ठेवावं

ज्यांच्या घरात असा कुणी होऊन गेला त्यांनी निदान एवढं कागदावर उतरवावं. कोणता हात, कोणता पाय, कुठून तुटला. गाव आणि शिवार. पीक कोणतं उभं होतं, म्हणजे महिना काढता येईल. कॅम्पावरचं नाव वेगळं होतं का. कोणत्या वाटेनं नेलं, नदी लागली का, पाणी किती होतं. डॉक्टर कुठला होता. नंतर घर कुणी चालवलं, कोणती जमीन विकली, कोणत्या पोराची शाळा सुटली. जुना उर्दू कागद असेल तर पाठपोट फोटो काढावा, कोपऱ्यातला शिक्काही येऊ द्यावा, आणि वाचणारा भेटेपर्यंत तो लॅमिनेशनला देऊ नये. त्यात शाई उतरू शकते. बाजेच्या चार खुरांना कोण कोण होतं, त्यांची नावं आणि आडनावं. त्यांची नातवंडं बहुधा त्याच गावात आहेत.